थेंब टाकण्याआधी

डोळ्यांच्या दवाखान्यातला क्रम सगळ्यांच्या ओळखीचा आहे. नाव नोंदवायचं, चार्ट वाचायचा, मशीनवर नंबर काढायचा. मग सिस्टर बाहुली मोठी करणारे थेंब टाकतात आणि डोळे मिटून बाकावर बसायला सांगतात. डॉक्टरांची गाठ पडते तोवर बाहुल्या विस्फारलेल्या असतात. मोतीबिंदू आणि पडदा नीट दिसायला थेंब हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण माझं काम पडद्याच्या मागे सुरू होतं. डोळ्याची नस किंवा मेंदू बिघडल्यामुळे ज्यांची नजर कमी होते, असे रुग्ण न्यूरो-ऑप्थाल्मोलॉजिस्टकडे येतात. त्यातले बरेच जण दोन-तीन चष्मे बदलून, कधी मोतीबिंदूचं ऑपरेशनही करून मग येतात. त्यांच्या जुन्या फायली चाळताना मला सतत एक रिकामी जागा दिसते. नंबर लिहिलेला असतो, डोळ्याचा दाब लिहिलेला असतो, बाहुलीबद्दल मात्र अक्षर नसतं. थेंब पडण्याआधीची दोन मिनिटं नसेच्या तपासणीला द्यायलाच हवीत, आणि तीही माझ्यासारख्या तज्ज्ञाकडे येण्याची वाट न पाहता, रुग्ण ज्या पहिल्या दारात जातो तिथेच, असं माझं ठाम म्हणणं आहे.

या दोन मिनिटांना महागडं काही लागत नाही. खोलीतला उजेड कमी करायचा, रुग्णाला लांब भिंतीकडे पाहायला सांगायचं आणि टॉर्च एका डोळ्यावर दोन-तीन सेकंद धरून झटकन दुसऱ्यावर न्यायचा. निरोगी माणसात कोणत्याही डोळ्यात उजेड टाकला तरी दोन्ही बाहुल्या सारख्याच लहान होतात, कारण दोन्ही नसांचा निरोप मेंदूत एकाच ठिकाणी पोचून तिथून हुकूम दोन्हीकडे जातो. एका बाजूची नस दुबळी झालेली असेल तर टॉर्च चांगल्या डोळ्यावरून तिकडे येताच बाहुली लहान व्हायच्या ऐवजी हळूच मोठी होऊ लागते. मार्कस गन या स्कॉटिश नेत्रतज्ज्ञाचं नाव या खुणेला चिकटलेलं आहे. नुसत्या मोतीबिंदूने ही खूण उमटत नाही, तो कितीही पिकलेला असो. म्हणून अंधुक दिसणाऱ्या माणसाचं दुखणं भिंगात आहे की मागच्या नसेत, याचा पहिला कौल टॉर्च देतो. त्यानंतर एखाद्या बाटलीचं लाल टोपण एकेका डोळ्यासमोर धरून 'दोन्हीकडे लाल सारखंच दिसतं का?' एवढं विचारायचं. आजारी नसेच्या डोळ्याला तेच टोपण विटकं, तपकिरी वाटतं. शेवटी समोर बसून, एक डोळा झाकायला लावून, चारही कोपऱ्यांत बोटं दाखवून मोजायला सांगायची. थेंब पडले की यातली टॉर्चची तपासणी त्या दिवसापुरती हातची गेली, कारण औषधाने बाहुलीचा स्नायूच काही तास सुस्त होतो.

यावर पहिला आक्षेप असतो तो एमआरआयचा. आता तालुक्यापर्यंत स्कॅन सेंटर पोचली आहेत, मग टॉर्चचा हट्ट कशाला? पण एमआरआयला प्रश्न विचारावा लागतो. नुसता 'ब्रेन' लिहून पाठवलं तर डोळ्याच्या खोबणीतली नस नीट टिपली जात नाही. तिथल्या चरबीचा पांढरेपणा दाबून आणि शिरेतून औषध देऊन फोटो काढले तरच नसेची सूज उठून दिसते. 'नॉर्मल' असा रिपोर्ट घेऊन आलेल्या रुग्णाला सगळे म्हणतात की काही नाही, टेन्शन घेऊ नका. नसेला सूज आलेल्या रुग्णांवर अमेरिकेत १९८८ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात सुमारे साडेचारशे जण होते. त्यातल्या तिघांपैकी दोघांत सूज डोळ्याच्या मागे होती, म्हणजे आत डोकावून पाहिलं तर नसेचं टोक अगदी निरोगी दिसत होतं. दहातल्या नऊ जणांना मात्र डोळ्यात किंवा भोवती दुखत होतं, आणि डोळा हलवताना ते वाढणं ही या आजाराची नेहमीची तक्रार. दुखतं का हे विचारणं आणि टॉर्च, यांनी जे कळतं ते पाहूनच कोणता स्कॅन सांगायचा हे ठरतं. त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली, जी आपल्याकडे अजून पुरती मुरलेली नाही. स्टेरॉइडचे मोठे डोस शिरेतून दिल्यास नजर लवकर परतते, पण नेहमीच्या डोसात नुसत्या गोळ्या दिलेल्या रुग्णांत सूज पुन्हा येण्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट निघालं. निदान न करता 'सूज आहे, गोळ्या घ्या' म्हणणं निरुपद्रवी नाही.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे, आणि तो मी डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकते: नस सुकली की सुकली, लवकर कळून तरी काय करणार? डोळ्याच्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात आणि मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही, हे खरं आहे. पण नस एका दिवसात सुकत नाही. बहुतेक आजारांत दबलेली, सुजलेली, उपाशी पण जिवंत अशी मधली अवस्था असते. पिट्युटरी ग्रंथीची गाठ खालून वर वाढते आणि दोन्ही नसा जिथे एकमेकींना छेदतात तिथे दाब देते. तिथे ओलांडून जाणारे तंतू बाहेरच्या बाजूंचं दृश्य नेतात, म्हणून रुग्णाचं उजवीकडचं आणि डावीकडचं दिसणं कमी होत जातं. तो दाराच्या चौकटीला खांदा आपटतो, बाजूने येणारी रिक्षा त्याला दिसत नाही, आणि तरी चार्टवर शेवटची ओळ वाचतो. '६/६ आहे' असा शेरा मिळाला की त्याचं बोलणं कोण ऐकणार? बोटं मोजायला लावली असती तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. गाठ काढून दाब हटला की यातल्या पुष्कळांची नजर सुधारते, काहींची तर थोड्या दिवसांतच; वर्षानुवर्षं दबलेल्या नसेला ते भाग्य मिळत नाही. पापणी एकाएकी मिटली, डोकं दुखतंय आणि त्या डोळ्याची बाहुली मोठी आहे, हे चित्र तर मेंदूतल्या धमनीच्या फुग्याचं असू शकतं. तो फुटण्याआधी रुग्णाला न्यूरोसर्जनपर्यंत पोचवणं हा जिवाचा प्रश्न असतो. तिथे कुणी थेंब टाकून ठेवले असतील तर बाहुली औषधाने मोठी आहे की आजाराने, हे ओळखता येत नाही.

टॉर्चच्या तपासणीला एक मर्यादा आहे. दोन्ही नसा सारख्याच बिघडल्या असतील तर टॉर्च इकडून तिकडे नेऊन फरक दिसत नाही. आपल्याकडे ही मर्यादा सर्वांत जास्त जाणवते ती क्षयरोगाच्या उपचारात. एथाम्ब्युटॉल हे टीबीचं औषध क्वचित दोन्ही डोळ्यांच्या नसांना इजा करतं. पूर्वी सरकारी उपचारात नव्या रुग्णाला ते पहिले दोनच महिने, आठवड्यातून तीनदा मिळायचं. २०१७ नंतर देशभर रोजच्या गोळ्या आल्या आणि त्यांत एथाम्ब्युटॉल सहाही महिने आहे. वजनाप्रमाणे योग्य डोसात शंभरातल्या एखाद-दोघांनाच त्रास होतो, पण देशात वर्षाला २५ लाखांवर रुग्णांची नोंद होते, हे लक्षात घेतलं की हा आकडा लहान राहत नाही. औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं, त्यामुळे मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना धोका जास्त. सुरुवातीला डोळा आतून स्वच्छ दिसतो, एमआरआयही बहुधा ठीक येतो. बिघडतं ते आधी लाल-हिरव्यातलं अंतर आणि नजरेच्या मधोमधचा भाग. रुग्ण म्हणतो की समोरच्याचा चेहरा धुकट दिसतो. त्याला नवा चष्मा मिळतो आणि गोळ्या तशाच चालू राहतात. इथे टॉर्चपेक्षा रंगांचे ठिपके असलेलं इशिहाराचं पुस्तक कामाला येतं, आणि उपचार सुरू होतानाची नोंद असेल तर महिन्यांनी झालेला फरक ओळखता येतो.

टीबीच्या क्षेत्रात काम करणारे यावर हरकत घेतात, आणि त्यांची काळजी मला अगदी मान्य आहे. डोळे जातील म्हणून सांगितलं तर लोक औषधंच सोडतील, आणि अर्धवट सोडलेला टीबी जीव घेतो, इतरांनाही लागतो. पण न सांगण्याने ही भीती टळत नाही. गावात एकाची नजर गेली की बातमी पसरतेच, आणि ती 'टीबीच्या गोळ्यांनी माणूस आंधळा होतो' अशी पसरते. त्यापेक्षा आशाताईंनी दर महिन्याला गोळ्यांची चौकशी करताना एकेक डोळा झाकायला लावून 'पूर्वीसारखंच दिसतं ना, रंग फिके वाटत नाहीत ना?' असं विचारावं, आणि उत्तर बदललं तर 'गोळ्या स्वतःहून बंद करू नका, आधी दाखवायला चला' हे त्याच दमात सांगावं. डॉक्टर एथाम्ब्युटॉल तेवढं थांबवून बाकीचा उपचार चालू ठेवू शकतात. वेळेत थांबवलं तर कित्येकांची नजर पुढच्या काही महिन्यांत भरून येते; उशीर झाला तर काहींची कायमची जाते.

राहिला वेळेचा प्रश्न. सरकारी ओपीडीत एका डॉक्टरपुढे किती गर्दी असते हे मी जाणते, आणि या विषयातले तज्ज्ञ मोठ्या शहरांबाहेर फार थोडे आहेत. म्हणूनच ही तपासणी डॉक्टरवर सोडू नये. ग्रामीण रुग्णालयातले नेत्र चिकित्सा अधिकारी आणि खासगी दवाखान्यातले ऑप्टोमेट्रिस्ट चष्म्याचा नंबर काढताना रुग्णासमोर बसलेलेच असतात, आणि थेंब टाकायला सांगण्याआधीचे शेवटचे तेच असतात. टॉर्चची खूण ओळखायला ते सरावाने सहज शिकतात. केसपेपरवर नंबराच्या खाली बाहुली, लाल रंग आणि बोटांची मोजणी असे तीन छापील रकाने असले आणि ते भरल्याशिवाय थेंबांची बाटली उघडायची नाही असा नियम केला, तर जिल्ह्याहून माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठीवर 'नजर कमी, कृपया पाहावे' एवढंच लिहिलेलं नसेल. त्यावर कोणत्या डोळ्याची बाहुली कधीपासून नीट लहान होत नाही हेही असेल, आणि त्या ओळीवरून रुग्णाला आजच दाखल करायचं की पुढच्या आठवड्याची तारीख द्यायची, हे मला फोनवरसुद्धा ठरवता येईल.