माझी वही, माझं नाव

शिवणकाम करणाऱ्या बाईला कुणी विचारलं, ‘तुम्ही काय करता?’ तर ती पटकन म्हणते, ‘काही नाही, घरीच असते.’ लग्नसराईत रात्री एकपर्यंत मशीन चालवते, पण उत्तर हेच. आमच्या केदारखेड्यात असं, आणि तुमच्या शहरात पार्लर चालवणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या बायकांचंही फार वेगळं नसावं. सरकारच्या लेखी मात्र आपण नुसत्या घरी नसतो. धंदा करत असतो.

ब्लाऊज, पिको-फॉल, शाळेचे गणवेश हे माझं पंधरा वर्षांचं काम. इंटरलॉकची मशीन घ्यावी म्हणून एका बँकेत कर्जाची चौकशी केली, तर साहेबांनी पहिलाच प्रश्न केला, ‘रिटर्न भरता का?’ ह्यांचं म्हणणं, ‘कर्ज माझ्या नावानं काढू. तू कशाला त्या भानगडीत पडतेस?’ बोलण्यात माया होती, नाही असं नाही. पण कमाई माझी आणि कागदावर नाव दुसऱ्याचं, हे काही मला रुचेना.

वही घेऊन जालन्याला एका कर सल्लागारांकडे गेले. वहीत सगळं होतं: तारीख, गिऱ्हाईक, जमा, उधारी, दोरा-अस्तर, वीजबिल, मशीनची दुरुस्ती. वर्षाची जमा 2 लाख 40 हजार, खर्च 70 हजार. ते म्हणाले, ‘ताई, लहान धंद्याला कायद्यात सोय आहे. रोख जमेवर 8 टक्के आणि बँकेतून, मोबाईलवरून आलेल्या पैशावर 6 टक्के, एवढा तरी नफा धरायचा. वह्या ठेवायची सक्ती नाही. सगळी जमा रोख धरली तरी तुमचे 19 हजार 200 होतात. तेवढेच दाखवू, सगळे तसंच करतात.’

मी म्हटलं, ‘भाऊ, उरले 1 लाख 70 हजार आणि दाखवायचे 19? मग बँक मला कशाच्या भरवशावर कर्ज देणार?’ आठ टक्के ही खालची रेघ आहे. खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा. दुकानदाराला माल विकत आणावा लागतो, त्याचं ठीक. आपल्या शिलाईत भांडवल म्हणजे डोळे आणि कंबर! आणि कर तरी कुठं लागत होता? 2025-26 या वर्षापासून नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या अशा कमाईवर सवलतीमुळे कर शून्य. उत्पन्न 4 लाखांच्या आत असलं तर सहसा रिटर्नची सक्तीही नाही. मी आपखुशीनं भरलं, खरा आकडा घालून. जीएसटीची नोंदणी शिलाईसारख्या सेवेला वर्षाला 20 लाखांच्या पुढं. ती वेस अजून फार लांब आहे.

खरी चुटपुट लावली ती व्यवसाय करानं. हा राज्याचा कर. स्वतंत्र धंदा करणाऱ्यानं नाव नोंदवून वर्षाला अडीच हजार भरायचे, कमाई थोडी असो की फार. नोकरीतल्या बाईला महिना 25 हजार पगारापर्यंत 2023 पासून माफी आहे. अल्पबचतीच्या महिला प्रधान योजनेच्या एजंट बायकांनाही माफी. मग महिन्याला चौदा हजार मिळवणाऱ्या शिवणवालीनंच काय घोडं मारलंय? हे मला पटलेलं नाही, आणि पटणारही नाही. पुढाऱ्यांनी यावर बोलावं.

घरी येऊन तणतणत होते. सल्लागारांनी एक गोष्ट सांगितली होती, ती सासूबाईंना सांगितली: 1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमीला पैसा हवा, म्हणून 1975 साली हा कर महाराष्ट्रात आला. तेव्हा वर्षाला जास्तीत जास्त अडीचशे रुपये घेता येत. 1988 मध्ये घटनादुरुस्तीनं ती मर्यादा अडीच हजार झाली. सासूबाई लग्नाआधीपासून हमीच्या कामावर गेलेल्या, तळ्याची माती वाहिलेल्या. लसूण सोलता सोलता म्हणाल्या, ‘मंग भर की. आम्ही पाट्या उचलल्या तव्हा कुणी तरी भरलाच असंल ना.’ ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं काढलं नाही, पण त्यानंतर भानगड हा शब्द काही उच्चारला नाही.

30 जूनच्या आत चलन भरलं आणि वहीत खर्चाच्या बाजूला लिहिलं. हा कर धंद्याचा खर्च म्हणून धरता येतो.

एक मात्र सांगते. मोबाईलवर पैसे घेताना स्वतःच्याच खात्याचा नंबर द्या. आमच्याकडे निम्म्या जणी नवऱ्याचा देतात. मग शिलाईची जमा त्याच्या खात्यात दिसते, खुलासा त्याला करावा लागतो आणि हिच्या नावावर वर्षअखेर काहीच नाही.

बँकेला दोन वर्षांचं रिटर्न हवंय. एक झालं. तोवर जुन्या मशीनला तेल घालून गणवेश शिवते आहे.