सात पाइंट पाणी

आबांना लढाईबद्दल विचारलं की ते पाण्याबद्दल बोलायचे. शाळा सुटली की गल्लीतली पोरं ओट्यावर त्यांच्याभोवती कोंडाळं करून बसत. आबा, किती जण मारले? आबा, तुम्हाला गोळी लागली का? आबा सगळं ऐकून घेत आणि सांगत, विकर्स मशीनगनच्या नळीभोवती एक जाडजूड वेष्टण असतं, त्यात सात पाइंट पाणी लागतं. म्हणजे आपले चार लिटर. बंदूक चालायला लागली की नळी तापते, पाणी उकळतं. वाफ उघड्यावर सोडली तर शत्रूला ठिकाण कळतं, म्हणून ती रबरी नळीतून पाण्याच्या डब्यात सोडायची. तिथे तिचं परत पाणी होतं, आणि तेच पाणी पुन्हा बंदुकीला पाजायचं. "पानी शे तं बंदूक शे," आबा म्हणायचे, "नही तं नुसतं लोखंड." पोरांचा हिरमोड व्हायचा. ती एकेक करून उठून जायची आणि मी आबांच्या पायाशी बसून राहायची.

धरणगावच्या माणसाने पाण्याबद्दल बोलावं यात नवल नाही. नळाला पाणी कधी येणार, यावर इथे लग्नाच्या तारखा ठरतात. 'निर्झरास' लिहिणारे बालकवी मात्र याच गावात जन्मले, १८९० साली. आबांना त्याचा फार अभिमान. पण आबांच्या मनातलं पाणी वेगळं होतं. त्यांचा जन्म १९२३ चा, महारवाड्यातला. गावच्या विहिरीवर त्यांची आई रिकामं मडकं घेऊन बाजूला उभी राहायची. कोणाला दया आली तर वरून धार सोडायचे, हात लागणार नाही अशा बेताने. कधी कधी दुपार होऊन जायची. लहानगे आबा आईच्या लुगड्याचा पदर धरून शेजारी उभे. ही गोष्ट त्यांनी मला फार उशिरा सांगितली, मी नोकरीला लागल्यावर.

पलटण आमच्या गावाला नवी नव्हती. १८२५ साली कंपनी सरकारने जेम्स औट्रमला खानदेशात पाठवलं. त्याने भिल्लांची पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावला होतं. ज्यांना सरकार डोंगरात हुडकून मारत होतं, त्यांच्याच अंगावर सरकारने वर्दी चढवली. महारांचं उलटं झालं. मुंबईच्या फौजेत पिढ्यानपिढ्या लढलेल्या जातीला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरतीच बंद झाली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण काढली आणि गरज सरताच मोडून टाकली. सुभेदाराचे पुत्र असलेल्या बाबासाहेबांनी हा विषय सोडला नाही. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला पहिली महार पलटण पुन्हा उभी राहिली. आबा १९४३ ला भरती झाले. सुरत-भुसावळ लाइनवरच्या आमच्या स्टेशनातून गाडीत बसले तेव्हा अंगावर एक सदरा होता आणि सोबत आईने बांधून दिलेल्या कळण्याच्या भाकरी.

छावणीतल्या पहिल्या दिवसाची एकच गोष्ट ते सांगत. कवायतीनंतर सगळे नळाकडे धावले. आबाही गेले, आणि नळासमोर ओंजळ धरून उभे राहिले. कोणीतरी पाणी घालील म्हणून वाट बघत. वीस वर्षांच्या त्या पोराने चारचौघांच्या पाण्याला आयुष्यात कधी स्वतः हात लावला नव्हता. मागून हवालदार ओरडला, "उभा काय राहिलास? फिरव ती तोटी!" आबांनी तोटी फिरवली. हे सांगताना त्यांचा उजवा हात आपोआप वर यायचा आणि हवेतच फिरायचा. पुढे त्यांनी पुष्कळ काही पाहिलं, पण माझ्या मते आबांची लढाई त्या नळाशी सुरू झाली.

१९४६ मध्ये त्यांची रेजिमेंट मशीनगन रेजिमेंट झाली. वर्षभरात देशाची फाळणी झाली आणि महार पलटणी पंजाबात निर्वासितांच्या रक्षणाला गेल्या. त्या दिवसांबद्दल आबा मोजकंच बोलत. बैलगाड्यांची रांग क्षितिजापर्यंत, धूळ, आणि वाटेतल्या विहिरी वापरण्याजोग्या उरल्या नव्हत्या. का, ते ते सांगत नसत आणि आम्हीही खोदून विचारलं नाही. एका म्हातारीने त्यांच्या छागलीकडे बोट दाखवलं. ती हिंदू की मुसलमान की शीख, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. तिनेही यांची जात विचारली नाही. प्याली, आणि यांच्या तोंडावरून हात फिरवून गाडीमागे चालू लागली.

मग काश्मीर. १९४७ च्या डिसेंबरात झांगड हातचं गेलं, तेव्हा ब्रिगेडियर महंमद उस्मान यांनी ते परत मिळेपर्यंत खाटेवर झोपणार नाही अशी शपथ घेतली. ऐन थंडीत ते जमिनीवर चटई टाकून झोपत. आबा हे सांगताना सरसावून बसायचे. त्या थंडीत बंदुकीतलं पाणी गोठू नये म्हणून त्यात ग्लिसरीन घालावं लागे. ६ फेब्रुवारी १९४८ ला नौशेऱ्यावर मोठा हल्ला झाला. तैनधारच्या चौकीवर राजपूत पलटणीचे नाईक जदुनाथ सिंग धारातीर्थी पडले, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. आबांच्याच पहिल्या महार पलटणीचे नाईक कृष्णा सोनावणे यांना त्याच लढाईसाठी महावीर चक्र मिळालं. आबा त्या दिवशी दोन नंबरवर होते, म्हणजे अडीचशे गोळ्यांचा कापडी पट्टा बंदुकीत सरकवण्याचं काम. डाव्या तळहातावर तापलेल्या पितळेचा एक डाग त्यांना कायमचा राहिला, कातडी तिथे गुळगुळीत आणि थोडी चकचकीत होती. मी लहानपणी त्यावरून बोट फिरवायची. मार्चमध्ये झांगड परत घेतलं आणि ब्रिगेडियरसाहेबांना खाट मिळाली. ३ जुलैला झांगडलाच तोफेच्या गोळ्याने ते गेले. त्यानंतरचं काश्मीर आबा सांगत नसत.

१९५८ ला ते पेन्शन घेऊन घरी आले. तोवर वस्तीने बौद्ध धम्म स्वीकारला होता. गावच्या विहिरीवर कायदा आपल्या बाजूने आहे हे आबांना माहीत होतं, ते जाऊन बिनदिक्कत पाणी भरूनही आले. पण आईला आता त्या विहिरीकडे पाठवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पलटणीतून आलेले पैसे आणि वस्तीतले हात यांवर बुद्धवाड्यात विहीर खोदायला काढली. काळी माती, मग मुरूम, मग सुरुंग लावून फोडलेला पाषाण. दोन उन्हाळे लागले. पाणी लागलं तेव्हा पहिला पोहरा माझ्या पणजीने ओढला. ती काठावर बसून बराच वेळ नुसती दोर सोडत आणि ओढत राहिली, असं आजी सांगते.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. माणसं खडी फोडायला जात, मिलोच्या तांबड्या भाकरी खात. गावातल्या विहिरी एकेक करून बसल्या. आमच्या विहिरीला मात्र कमरेएवढं पाणी टिकून होतं. एका पहाटे वरच्या आळीतल्या बाया हंडे घेऊन आल्या आणि थोड्या अंतरावर थांबल्या. पुढे यायचा धीर होईना. आजी तिथेच होती, तिच्या मनात काय काय येऊन गेलं ते तिने मला स्वच्छ सांगितलं आहे आणि मला त्यात काही चूक वाटत नाही. आबा उठले. वरून पाणी घालून देणं त्यांना सहज शक्य होतं. त्यांनी दोराचं टोक सगळ्यात पुढच्या बाईच्या हातात दिलं आणि बाजूला झाले. "तुम्हीच ओढा, बहीण. दोर मजबूत शे." पावसाळा लागेपर्यंत ते रोज पहाटे तिथे उभे असत. घरटी दोन हंडे, आधी बाळंतिणी आणि म्हातारी माणसं, रांग मोडायची नाही. फौजेतली शिस्त मी कधी डोळ्यांनी पाहिली नाही, पण ती कशासाठी असते ते मला या रांगेवरून कळलं.

पुढची वर्षं सरळ गेली. कोरडवाहू कापूस, पाच लेकरांची शिक्षणं, चौदा एप्रिलला छातीवर पदकं. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला ते कडक इस्त्रीचा सदरा घालून जात, शेवटची काही वर्षं माझा हात धरून. अंगठा यंत्रावर टेकवायची पद्धत आली, तेव्हा त्यांचा ठसा उमटेना. नांगर, दोर आणि पितळ यांनी रेघा पुसून टाकल्या होत्या. एकेक बोट टेकवत गेलो, अखेर डाव्या करंगळीला यंत्राने ओळखलं. तोवर आबा खिडकीसमोर सावधानमध्ये उभे होते, नव्वदी ओलांडलेले, आणि मी कितीही सांगितलं तरी खुर्चीवर बसले नाहीत. नाव पुकारलं तेव्हा त्यांनी पलटणीतला नंबर सांगितला.

२०१७ च्या उन्हाळ्यात ते गेले, चौऱ्याण्णवाव्या वर्षी.

त्यांची विहीर आता कोणी वापरत नाही. घरोघर नळ आले, कठड्यावर पिंपळ उगवला, आत प्लास्टिक आणि गणपतीचं निर्माल्य साचलं. वस्तीतली तरुण मुलं आणि मी मिळून यंदा अक्षय्यतृतीयेच्या आधी गाळ काढायचं ठरवलं आहे. क्रेनवाल्याशी बोलणं झालं, कठडा बांधायला गवंडी ठरला. वर्गणीच्या यादीत आजीने स्वतः सांगून वरच्या आळीतली नावं घातली आहेत. बहात्तरला कोणत्या घरातून कोण हंडा घेऊन यायचं, ते तिला अजून घरनिशी पाठ आहे. रविवारी सकाळी पावतीपुस्तक घेऊन आम्ही त्या आळीत जाणार आहोत, आणि आजी म्हणते, ती पुढे चालणार.