दिवाळीपर्यंतची मुदत

प्रिय वैशू,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज पोचला. तिकडे ऑकलंडला थंडी पडलीये आणि इकडे सांगलीत पावसानं नुसता धुमाकूळ घातलाय, त्यामुळे घरात बसून निवांत लिहितेय. ‘गाठ काढली ना, मग आता अडलंय कुठं?’ असं तू विचारलंस. इथंही सगळे हेच विचारतात. पण तुला नीट सांगावंसं वाटतं.

एन्डोमेट्रिओसिस ऑपरेशननं मुळासकट जातोच असं नाही गं. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर ओटीपोटात भलतीकडेच रुजतो, पाळीच्या हार्मोन्सवर पोसतो आणि आजूबाजूचे अवयव एकमेकांना चिकटवत जातो. माझ्या डाव्या बीजांडकोशात चार सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट होती. फाइलमध्ये दुर्बिणीतून काढलेले रंगीत फोटो लावलेत. एकात सिस्टमधून ओघळलेलं दाट, तपकिरी, जुनं रक्त दिसतं. दुसऱ्यात बीजांडकोश गर्भाशयाच्या पाठीला घट्ट चिकटलाय. ते बघून मला रडू आलं, पण भीतीनं नाही. हॉस्टेलवर तू मध्यरात्री गरम पाण्याची पिशवी भरून आणायचीस ना, ते सगळं दुखणं खरं होतं, त्याचा पुरावाच समोर होता. ‘बायकांना एवढं दुखायचंच’ हे किती जणींकडून ऐकून घेतलं आपण!

खरा पेच आता सुरू होतो. आजार दाबून ठेवायचा तर डायनोजेस्टसारखी गोळी रोज घ्यायची. पाळी बऱ्याचदा थांबते, दुखणं उतरतं, सिस्ट परत होण्याची शक्यताही कमी होते. पण ती चालू असताना दिवस राहणं जवळपास अशक्य. आणि मूल हवं म्हणून गोळी घेतली नाही, तर पाळी आली आणि तिच्यामागून दुखणंही आलं. त्यामुळे ‘नैसर्गिकरीत्या प्रयत्न करा, वर्षभर वाट बघा’ हे सांगणाऱ्याला सोपं असतं. माझ्यासाठी त्या वर्षातली प्रत्येक पाळी मोजून घ्यायची असते. डॉक्टरांच्या टेबलावर यशाचे टक्के मांडले जातात, पण मी महिन्याचे किती दिवस आडवी पडणार हे कुणी मांडत नाही. मला तेही हिशोबात धरायचं होतं.

एका दवाखान्यात सांगितलं, आधी तीन महिने हार्मोन्स दाबणारी इंजेक्शनं घ्या, मग बघू. दुसऱ्या डॉक्टर बाईंनी स्पष्ट नाही म्हटलं. युरोपच्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संस्थेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांतही ऑपरेशननंतर केवळ दिवस राहावेत म्हणून अशी औषधं देऊ नयेत असंच म्हटलंय. नुसता वेळ जातो. बाईंनी मग ऑपरेशनचा अहवाल पुढ्यात घेतला आणि एन्डोमेट्रिओसिस फर्टिलिटी इंडेक्स, म्हणजे ईएफआय काढायला बसल्या. २०१० साली आलेली दहा गुणांची पद्धत आहे ही. वय पस्तिशीच्या आत, दोन गुण. प्रयत्न तीन वर्षांहून कमी, दोन गुण. पूर्वी कधी दिवस राहिले नव्हते, शून्य. ट्यूब, तिच्या टोकाची झालर आणि बीजांडकोश ऑपरेशननंतर कितपत कामाचे आहेत त्याचे तीनपैकी दोन. आजाराच्या पसाऱ्याचे दोनपैकी एक. एकूण सात! आयव्हीएफशिवाय दिवस राहण्याची आशा धरावी असा आकडा आहे हा. मात्र तो धरून चालतो की नवऱ्याचा रिपोर्ट चांगला आहे, म्हणून अभिजितची वीर्यतपासणीही करून घेतली. ती ठीक आली.

रक्तातला एएमएच हा हार्मोन मात्र ऑपरेशननंतर उतरला. सिस्टची भिंत सोलताना बीजांडकोशाचा थोडा चांगला भागही जातो, म्हणून. काही जणींचा पुढे थोडाफार वर चढतो. मी घाबरले तेव्हा बाई म्हणाल्या, हा आकडा बीजं किती उरलीत याचा अंदाज देतो, ती कशी आहेत ते सांगत नाही. आपणहून दिवस राहतील की नाही हेही त्यावरून ठरत नाही. पण आयव्हीएफच्या एका सायकलमध्ये किती बीजं मिळतील, ते त्यावर बरंच अवलंबून असतं. त्यामुळे पुढं सिस्ट परत आली तरी त्याच बीजांडकोशावर सहजासहजी सुरी लावू द्यायची नाही, हे मी पक्कं केलंय.

आययूआयवर, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडण्याच्या उपचारावर, आमचा बराच खल झाला. आजार सौम्य असेल तर गोळ्यांबरोबर आययूआयचा फायदा होतो. माझा तिसऱ्या टप्प्यातला, तिथे त्याचा कितपत उपयोग हे स्पष्ट नाही. स्वस्त आहे म्हणून त्यात महिने घालवायचे नाहीत असं ठरलं. आयव्हीएफच्या एका सायकलला दीड-दोन लाख तरी धर, आणि आरोग्य विम्यात ते सहसा बसत नाही. गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात ही सेवा मोफत सुरू झाली, तसं आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यात व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. पैसे नाहीत म्हणून थांबणाऱ्या बाईचं दुखणं काही थांबत नाही. आईला आयव्हीएफ म्हटलं की अजून १९८६ ची मुंबईच्या केईएममधली टेस्ट ट्यूब बेबी हर्षाच्या जन्माची बातमी आठवते, डॉ. इंदिरा हिंदुजांचा पेपरातला फोटो तिच्या डोळ्यांसमोर आहे. त्यामुळे घरून विरोध अजिबात नाही. ‘तुला सोसवेल तेवढंच कर’ म्हणाली.

तर असं ठरलंय: दिवाळीपर्यंत आपले आपण प्रयत्न करायचे. मधल्या काळात दुखणं पूर्वीसारखं कामावरून घरी बसवायला लागलं, तर दिवाळीचीही वाट बघायची नाही, सरळ आयव्हीएफ. आयव्हीएफच्या इंजेक्शनांनी आजार पुन्हा उफाळतो अशी भीती मला होती, पण तसा पुरावा नाही म्हणे. आणि मूल झालं किंवा आम्हीच थांबायचं ठरवलं, की त्या दिवशी गोळी परत सुरू. ही तिसरी ओळ मी अभिजितच्या हातानं डायरीत लिहून घेतलीये.

तुझ्या नाशिकच्या वहिनीचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे म्हणालीस ना? तिला एवढं सांग, सिस्ट काढायच्या आधी एएमएच करून घे, मूल हवंय की नकोय ते सर्जनला आधीच स्पष्ट सांग, आणि डिस्चार्जच्या कागदावर समाधान न मानता ऑपरेशनचा सविस्तर अहवाल मागून घे. ईएफआय त्याशिवाय निघत नाही. आणि तिला माझा नंबर दे. रात्री नऊनंतर कधीही फोन केला तरी चालेल.

तुझी,
अनू