पुस्तकातलं धरायचं की नाही?



दशलक्षण आले नि गेले, त्यामुळे इथे लिहायला फुरसत मिळाली नाही. आज बसले आहे ती एका भांडणाबद्दल सांगायला. भांडण आमच्याच घरातलं, तेही एका भुताटकीच्या अस्वलावरून.

अनंत चतुर्दशीच्या आधीच्या रविवारी वन्सं मुलुंडहून आल्या होत्या, दादरला गाडी बदलून, सोबत पार्श्व. तो सोळा वर्षांचा, आमचा अर्हम बाराचा. एरवी दोघांचं छान जमतं. मी स्वयंपाकघरात मुगाची डाळ निवडत होते आणि बाहेरून आवाज चढत गेला. जाऊन पाहते तर अर्हम रडवेला झालेला. वाढदिवसाच्या पैशांतून घेतलेली त्याची तीन जाडजूड पुस्तकं जमिनीवर, आणि पार्श्व म्हणतोय, "वाच की तू, कोण नाही म्हणतंय? पण ती धरायची नाहीत. ती कॅनन नाहीत."

कॅनन म्हणजे काय ते मला दोघांनी मिळून समजावलं. एखाद्या कथेत जे अधिकृतपणे 'घडलं' असं मानायचं ते कॅनन. बाकीचं सगळं इकडचं तिकडचं.

आता ते अस्वल. 'फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज' हा भयखेळ स्कॉट कॉथन नावाच्या अमेरिकन माणसाने २०१४ साली काढला. एक पिझ्झाचं हॉटेल, तिथे मुलांना रिझवणारी यंत्राची मोठमोठी बाहुली: अस्वल, ससा, कोंबडी, कोल्हा. आपण रात्रपाळीचे राखणदार. रात्री बारा ते सकाळी सहा कॅमेऱ्यात बघत बसायचं, कारण बाहुली चालायला लागतात. अशा पाच रात्री. (पिझ्झात कांदा-लसूण असतो का हे मी विचारलं. कुणीही हसलं नाही.)

गंमत अशी की खेळ गोष्ट सांगतच नाही. भिंतीवरच्या कात्रणात पाच मुलं हरवल्याची बातमी दिसते, फोनवर कुणीतरी अर्धवट बोलतं, पुढच्या खेळांत मध्येच ठिपक्यांच्या चित्रांचा छोटा खेळ येतो. त्यावरून आपण जुळवायचं की मुलांचा खून झाला आणि त्यांचे जीव त्या बाहुल्यांत अडकले. जीव आणि पुद्गल यांचं असं कडबोळं पाठशाळेच्या बाईंना कळलं तर आमची धडगत नाही. मलाही हे सगळं मुलाने खेळावं असं वाटत नव्हतं, अजूनही फारसं वाटत नाही. पण तो खेळतो कमी, वाचतो जास्त, म्हणून चालवून घेते.

तर २०१५ मध्ये कॉथनने कीरा ब्रीड-रिस्ली या लेखिकेसोबत 'द सिल्व्हर आइज' ही कादंबरी काढली. मग आणखी दोन, तिसरी २०१८ मध्ये. अर्हमची तीन पुस्तकं ती हीच. त्यात नायिका आहे, तिचे वडील आहेत, खुन्याला चेहरा आहे, नाव आहे. खेळात जे अंधारात होतं ते इथे दिवा लावून दाखवलंय. आणि दोन्ही जुळत मात्र नाहीत. तिसऱ्या पुस्तकात नायिकेबद्दल जे कळतं त्याला खेळात जागाच नाही.

पार्श्वचं म्हणणं असं की खेळ म्हणजे कोडं आहे. कोड्याचं उत्तर कोड्यातल्याच खुणांवरून काढायचं. बाहेरचं पुस्तक आणून "हा बघा पुरावा" म्हणणं म्हणजे परीक्षेत शेजारच्याचा पेपर बघणं, आणि तो शेजारीही वेगळ्या विषयाचा पेपर देत असतो. खरं सांगू? मला पटलं.

अर्हमचं म्हणणं: ज्याने खेळ केला त्यानेच पुस्तक लिहिलं, मग ते खोटं कसं? आणि विल्यम ॲफ्टन हे खुन्याचं नाव आधी पुस्तकात आलं. ॲफ्टन हे आडनाव खेळात ऐकू आलं ते नंतर, २०१६ मध्ये. "तू दिवसभर ॲफ्टन ॲफ्टन करतोस ना दादा, ते माझ्या पुस्तकातलं आहे!" हेही पटलं. काय करणार.

पार्श्वने मग दुसऱ्या एका खेळाचा दाखला काढला, 'रेसिडेंट ईव्हिल'. त्यावर एस. डी. पेरी या बाईंनी १९९८ ते २००४ मध्ये सात कादंबऱ्या लिहिल्या. पाच खेळांवरून, दोन स्वतःच्या मनाने. त्यात ट्रेंट नावाचं एक गूढ पात्र त्यांनी घातलं, ते खेळात कधी आलंच नाही. म्हणजे पुस्तकावर खेळाचं नाव असलं म्हणून आतलं सगळं खेळाचं होत नाही. पण मला वाटतं तो दाखला इथे लागू नाही. पेरीबाई परक्या घरातल्या पाहुण्या होत्या. कॉथन तर घरमालक.

आणि घरमालकाने या प्रश्नाचं उत्तर देऊन ठेवलंय, हे अर्हमनेच सांगितलं. कॉथनचं म्हणणं असं की खेळ कॅनन आहेत तशी पुस्तकंही कॅनन आहेत, पण दोन्ही एकमेकांत तुकड्यांसारखी बसवायला जाऊ नका. तीच गोष्ट नव्याने सांगितली आहे. यावर पार्श्व म्हणाला, "म्हणजे नाहीच ना!" आणि अर्हम म्हणाला, "म्हणजे आहेतच ना!" संध्याकाळी अर्हमने तिन्ही पुस्तकं पिशवीत घालून माळ्यावर टाकायला माझ्याकडे दिली.

मी पिशवी घेतली आणि मला एकदम आमच्या आई आठवल्या, म्हणजे सासूबाई. त्या आतल्या खोलीत पडून होत्या, गुडघे दुखतात म्हणून. गुडघे दुखत नव्हते हे मला माहीत होतं.

उत्तम मार्दवाच्या दिवशी, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, आमच्या स्वाध्यायात लहान मुलांना गोष्ट सांगायला आईंना बसवलं होतं. त्यांनी सीतेची गोष्ट घेतली. म्हणाल्या, सीता ही रावण-मंदोदरीची मुलगी. जन्मताच भाकीत झालं की ही बापाच्या नाशाला कारण होईल, म्हणून तिला पेटीत घालून दूर मिथिलेकडे सोडून दिलं. मुलं डोळे विस्फारून ऐकत होती. एक तरुण मुलगी, चांगली अभ्यासू, मध्येच म्हणाली, "आजी, हे आपल्या पद्मपुराणात नाही हं. टीव्हीवर बघितलं असेल तुम्ही." सगळे हसले, वाईट हेतूने नाही. आई गप्प झाल्या. त्यांना ही गोष्ट त्यांच्या वडिलांनी, अण्णांनी, सांगलीकडच्या गावी सांगितलेली. मी तिथेच बसले होते. काही बोलले नाही. वर घरी येऊन मीच म्हटलं, "आई, पक्कं माहीत नसेल तर कशाला सांगायचं?" तिसऱ्या दिवसापासून त्यांचे गुडघे दुखायला लागले.

भांडणानंतर दोन दिवसांनी मी मंदिरातल्या ग्रंथांच्या कपाटातून गुणभद्राचार्यांचं उत्तरपुराण आणलं, पन्नालाल जैन साहित्याचार्यांच्या हिंदी अनुवादाचं. दुपारी भांडी झाल्यावर वाचत बसले. आणि मैत्रिणींनो, ते तिथे आहे. सीता मंदोदरीची मुलगी, मारीच तिला पेटीतून नेतो, मिथिलेजवळ जमिनीत ठेवतो, सगळं. दशरथ इथे मुळात वाराणसीचा राजा.

त्या मुलीचंही खरं होतं. रविषेणाचार्यांचं पद्मपुराण सातव्या शतकातलं. त्यात सीता जनकाचीच मुलगी, आणि भामंडल हा तिचा जुळा भाऊ. उत्तरपुराण नवव्या शतकातलं. दोन्ही आपलीच, दोन्ही दिगंबर आचार्यांची, दोन्ही एकाच कपाटात. एकाला पुरावा धरून दुसऱ्याला खोटं पाडावं असं माझ्या माहितीत कुणी मोठ्या माणसाने सांगितलेलं नाही. आपणच घाई करतो.

लगेच अनेकांतवाद काढू नका. मीही काढणार होते, पण अनेकांत म्हणजे 'सगळंच खरं, सोडून द्या' असं नव्हे. कोणत्या अपेक्षेने बोलताय ते आधी सांगावं लागतं. पद्मपुराणाच्या अपेक्षेने सीता जनकाची, उत्तरपुराणाच्या अपेक्षेने रावणाची. एकातली सीता घेऊन दुसऱ्यातला भामंडल तिला चिकटवला तर मात्र चूक, आणि तिथे पार्श्वचंच बरोबर. पण दोन्हींत काही गोष्टी हलत नाहीत. रावणाला मारतो लक्ष्मण, राम नव्हे. राम बलभद्र, लक्ष्मण नारायण, रावण प्रतिनारायण, आणि प्रतिनारायणाचा वध नारायणाच्याच हातून होतो. राम दीक्षा घेऊन मोक्षाला जातो. आचार्यांनी जन्मकथा बदलली, हा नियम बदलला नाही.

हे मी अर्हमला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "मग खेळात आणि पुस्तकात पण ॲफ्टनच मारतो. ते बदलत नाही." पिशवी माळ्यावरून काढून दिली. २०२३ मध्ये त्यावर सिनेमाही आला, त्यात आणखी वेगळंच आहे म्हणे. तो विषय मी वाढू दिला नाही.

(हे फक्त परदेशी खेळांचं आहे असं नाही. 'तुंबाड' सिनेमामागे नारायण धारपांची 'आजी' ही कथा आहे आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलेलं. त्यातला हस्तर मात्र कुठल्याही पुराणात सापडायचा नाही. उद्या कुणी त्या सिनेमावर कादंबरी लिहिली तर धारपांचे वाचक आणि सिनेमाचे चाहते असेच भांडतील.)

क्षमावाणीच्या दिवशी सकाळी मी उत्तरपुराण उघडून आईंच्या पलंगावर ठेवलं, ते पान वाचून दाखवलं आणि पाया पडून क्षमा मागितली. दरवर्षी मागतो तशी नाही, नाव घेऊन मागितली, त्या दिवशी घरी येऊन जे बोलले त्याची. वाटलं होतं त्या खूश होतील. त्या बराच वेळ पानावर हात ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, "अण्णांना वाचता येत नव्हतं गं. त्यांनी तरी कुणाकडून ऐकलं असेल?"

त्या मुलीला अजून फोन केलेला नाही. करायचा आहे. तिला चुकीचं ठरवायला नाही, ती चुकलेली नव्हतीच. पुस्तक तिला हवं असेल तर परत करायच्या आधी द्यावं म्हणून.

परवा वन्सं पुन्हा आल्या होत्या. पार्श्व आईंच्या शेजारी बसून पेटीची गोष्ट ऐकत होता, शेजारी अर्हम त्याचं पुस्तक उलटं ठेवून. पार्श्वने विचारलं, "पण आजी, सीता लंकेत आली तेव्हा मंदोदरीला कळलं का, ही आपली मुलगी?"

आईंनी खिडकीबाहेर बघितलं. "आधी जेवून घ्या दोघं," म्हणाल्या, "ऊन चाललंय. मग सांगते."