अर्ध्या ताकदीचा फटका

गोल्फची काठी मी आयुष्यात एकदाही हातात धरलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. जे काही खेळलो ते संगणकाच्या पडद्यावर, ‘वर्ल्ड गोल्फ टूर’ नावाच्या खेळात, उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर, रात्री. खऱ्या मैदानांच्या छायाचित्रांवर तो खेळ उभा केलेला आहे. त्यामुळे स्कॉटलंडमधले सेंट अँड्र्यूजचे जुने मैदान मला आमच्या कॉलेजच्या आवारापेक्षा अधिक परिचयाचे झाले.

पहिले वर्षभर मी लांब फटक्यांच्या नादी होतो. ग्रीन चाळीस-पन्नास यार्डांवर आली की मात्र सारे बिघडे. तिथे लागते ती वेज, म्हणजे तोंड बरेच मागे कललेली आखूड काठी. पिचिंग वेजचा कल साधारण ४६ अंशांचा, सँड वेजचा ५६, लॉब वेजचा ६०. कल जितका अधिक, तितका चेंडू उंच उडतो आणि पडल्यावर कमी धावतो. माउस ओढून ताकद ठरवायची आणि परत येणारी पट्टी रेघेवर येताच क्लिक करायचे, एवढेच काम. पण पूर्ण ताकदीला शेवट असतो, पट्टीच आपल्याला थांबवते. ४३ टक्क्यांवर कोणी थांबवत नाही. मग मी वहीच घातली. कोणती वेज, किती टक्के, चढ किती फूट, वारा कुठला. शोधनिबंधासाठीही इतक्या नेटक्या नोंदी मी कधी केल्या नव्हत्या!

आमचे अण्णा शाळकरी वयात, १९५०च्या दशकाच्या अखेरीस, पुण्यात गोल्फच्या मैदानावर कॅडी होते. घरात हा विषय निघत नसे. सरकारी नोकरी लागल्यावर त्यांनी तो काळ जणू खोडून टाकला. मला तो कळला आत्याकडून. त्यामुळे झोप न लागलेल्या एका रात्री ते पाठीशी येऊन उभे राहिले, तेव्हा मी खिडकी बंद करायला निघालो होतो.

“ही काठी नको,” ते म्हणाले.

मी लॉब वेज निवडली होती.

“पुढं सगळी मोकळी जमीन आहे. घरंगळू दे की. उडवतोस कशाला? साहेब लोकांनाही उडवायचीच हौस.”

कमी कलाची काठी घेतली, चिप मारला. चेंडू जेमतेम उचलला गेला आणि धावत झेंड्याशी जाऊन थांबला. वहीत ही शक्यताच नव्हती.

मग सतरावे होल आले. तिथला ग्रीनलगतचा वाळूचा खड्डा कुप्रसिद्ध आहे. १९७८च्या ब्रिटिश ओपनमध्ये जपानच्या नाकाजिमाला त्यातून बाहेर यायला चार फटके लागले आणि एका होलचे नऊ झाले. १९३२ साली काठीच्या बुडाला डाख चढवून घडवलेली वेज घेऊन जीन सॅराझनने ही स्पर्धा जिंकली, ते अशाच वाळूवरचे उत्तर होते. माझा चेंडू नेमका त्या खड्ड्यात. वाळू किती ताकद खाणार, तो पल्ला पडद्यावर दिसतो : २० ते ३० टक्के. मी अण्णांना हिशेब समजावला. मधला २५ धरायचा; झेंडा १२ यार्डांवर, म्हणून १६ यार्डांचा फटका.

“वाळू सरासरीनं चेंडू सोडत नाही रे,” ते म्हणाले. उजवा हात त्यांनी गुडघ्यापाशी सावकाश हलवला, दोनदा. त्यांनी काठी मारलेली नव्हती, फक्त वाहिली होती. तरी तो हात बघत राहावा असा होता.

चेंडू बाहेर आला. झेंड्यापासून बराच लांब, पण बाहेर.

“यात पिशवी कोण उचलतं?”

“कोणीच नाही, अण्णा.”

“आणि अंतर कोण सांगतं?”

“आपोआप दिसतं.”

ते काही न बोलता झोपायला गेले. दुसऱ्या रात्री साडेदहाला स्वतःची खुर्ची घेऊन आले. मी यार्ड वाचू लागलो, तर म्हणाले, “थांब. तो आकडा झाक. मी सांगतो.”