पेणचे कार्यालय, धाटावचे कारखाने

रायगड जिल्ह्याचे मुख्य ठिकाण अलिबाग, पण अन्न व औषध प्रशासनाचे (एफडीए) जिल्हा कार्यालय पेणला आहे. पेणमध्ये आरटीओची वाट विचारणारे रोज भेटतात. एफडीएची वाट विचारणारा क्वचित. ज्याला मेडिकल टाकायचे आहे किंवा हॉटेलचे लायसन्स काढायचे आहे, त्याचेच पाय तिकडे वळतात. तरीही जिल्ह्यातल्या घराघरात जी गोळी, जे दूध, जो पेढा पोटात जातो, त्याच्या शुद्धतेची जबाबदारी याच कार्यालयाची.

इथून नागोठण्यावरून रोह्याला जायचे. रोहा-कोलाड रस्त्यावर धाटाव. तिथल्या औद्योगिक वसाहतीत रंग, कीटकनाशके, तऱ्हेतऱ्हेची रसायने आणि औषधांचा कच्चा माल तयार होतो. तपासणारे पेणला, बनवणारे धाटावला. या दोघांच्या मध्ये मुंबईतले मंत्रालय बसलेले असते, आणि खरी लढाई तिथे होते.

*

मेडिकलवर संध्याकाळची गर्दी. खारेपाटातली एक आजी दहाच्या पट्टीतल्या दोनच गोळ्या मागते : ‘‘दोनच दे रं बाला.’’ तिच्याकडे तेवढेच पैसे. दुकानदार कात्रीने पट्टी कापतो. बॅच नंबर आणि मुदतीची तारीख नेमकी उरलेल्या तुकड्यावर राहते. उद्या सरकारने जाहीर केले की अमुक बॅच वापरू नका, तर आजीला ते कळणार कसे? बिल तिने मागितलेले नाही, त्यानेही दिलेले नाही. यात आजीचा दोष शून्य. ज्यांच्याकडे पाहायचे साधन नाही त्यांच्या वतीने पाहावे, म्हणूनच तर सरकारने हे खाते उभे केले.

*

१९८६ सालचा जानेवारी-फेब्रुवारी. मुंबईचे जे. जे. रुग्णालय. मेंदूची सूज आणि डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी रुग्णांना ग्लिसरीन पाजले जाई. त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होते, म्हणजे कारखान्यात वापरायचे विषारी द्रावक. मूत्रपिंडे निकामी होऊन चौदा रुग्ण गेले. चौकशीसाठी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. १९८७ साली आलेल्या त्यांच्या अहवालाने ग्लिसरीन पुरवणाऱ्यापुरता दोष ठेवला नाही. रुग्णालयाची खरेदी, औषध प्रशासनातले अधिकारी आणि थेट मंत्री, इथपर्यंत ठपका गेला. न्यूरोसर्जन सुनील पंड्या यांनी या प्रकरणावर १९८८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहून ते जगासमोर मांडले.

कोकणातले कितीतरी रुग्ण तेव्हाही जे.जे.लाच जात. अलिबागच्या सिव्हिलमधून चिठ्ठी मिळाली की धरमतर ओलांडायचे, मुंबई गाठायची. अजूनही अवघड केस झाली की पेण-रोह्याची रुग्णवाहिका तिकडेच धावते. म्हणून मला लेंटिन अहवाल इतिहासाचे पान वाटत नाही. तो आपल्या माणसांबद्दल आहे.

*

लेंटिन आयोगाने बोट ठेवलेली एक गोष्ट आजही कायम आहे. तिच्याबद्दल पेपरात फार कमी येते, म्हणून सविस्तर लिहितो.

औषध निरीक्षक दुकान किंवा कारखाना तपासतो. दोष सापडले तर कारणे दाखवा नोटीस निघते. उत्तर समाधानकारक नसेल तर प्रशासन परवाना काही दिवस निलंबित करते किंवा रद्द करते. १९४५च्या औषध नियमांप्रमाणे परवानाधारकाला या आदेशाविरुद्ध राज्य सरकारकडे अपील करता येते. राज्य सरकार म्हणजे व्यवहारात कोण? खात्याचे मंत्री. मंत्र्यांनी स्थगिती दिली की शटर पुन्हा वर. निरीक्षकाने तपासात घालवलेले दिवस, काढलेले फोटो, लिहिलेला पंचनामा कपाटात जातो.

अपिलाची सोय हवीच. अधिकारी चुकू शकतो, सूडानेही वागू शकतो, आणि लहान दुकानदाराला दाद मागायला जागा असलीच पाहिजे. पण ती जागा निवडणूक लढवणाऱ्या माणसाच्या दालनात असू नये. ज्याला पुढच्या मोसमात वर्गणी हवी, मतदारसंघात कारखाना हवा, संघटनेचा पाठिंबा हवा, त्याने परवान्याचा निकाल द्यायचा, ही रचनाच सदोष आहे. मंत्री उद्या कितीही सज्जन आला तरी ती सदोषच राहील.

*

२०१२-१३ची आठवण. महेश झगडे तेव्हा एफडीएचे आयुक्त होते. त्यांनी कायद्यात आधीपासून लिहिलेल्याच गोष्टी मागितल्या : मेडिकलमध्ये फार्मासिस्ट हजर पाहिजे, डॉक्टरची चिठ्ठी असल्याशिवाय ठरावीक औषधे द्यायची नाहीत, बिल द्यायचे. राज्यभर परवाने निलंबित होऊ लागले. औषध विक्रेत्यांच्या संघटनेने बंद पुकारले, आयुक्तांविरुद्ध मोहीम उघडली. गावोगावच्या मेडिकलवाल्यांचे म्हणणे मीही ऐकले होते : फार्मासिस्ट मिळत नाहीत, पगार परवडत नाही, छोट्या गावात रात्री-अपरात्री आम्हीच उपयोगी पडतो. त्यात तथ्य होते. पण चौकातल्या दुकानात भिंतीवर एकाचे प्रमाणपत्र आणि काउंटरवर दुसराच, ही गोष्टही सगळ्या गावाला माहीत होती. प्रश्न फार्मासिस्ट वाढवण्याचा होता. चर्चा मात्र आयुक्त कधी बदलणार यावरच घुटमळत राहिली.

*

गुटखा. राज्याने २००२ साली बंदी आणली. उत्पादक न्यायालयात गेले आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी टिकू दिली नाही. पुढे अन्न सुरक्षा कायदा आला, आणि जुलै २०१२मध्ये त्याचा आधार घेऊन महाराष्ट्राने पुन्हा बंदी घातली. ही बंदी दर वर्षी नव्याने आदेश काढून वाढवावी लागते. महसूल बुडत होता तरी सरकारने ते केले. हे श्रेय द्यायलाच हवे.

महामार्गालगतच्या टपऱ्यांवर पुडी आजही मिळते. पेणचे पथक टेम्पो पकडते, बातमी येते, पुढच्या आठवड्यात दुसरा टेम्पो येतो. मोजकी माणसे, लांबलचक महामार्ग आणि शेजारच्या राज्यांतून येणारा माल. अपयश दिसते ते पेणच्या पथकाचे. कारण आहे माणसे न देणाऱ्या सरकारकडे.

*

औषध नियंत्रणावरची माशेलकर समिती, २००३. डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी साधे प्रमाण सांगितले होते : पन्नास उत्पादकांमागे एक निरीक्षक, दोनशे विक्रेत्यांमागे एक निरीक्षक. केंद्रात एक सबळ औषध प्राधिकरण असावे असेही सुचवले. त्यासाठी २००७ साली विधेयक आले, मागे घेतले गेले. २०१३ साली दुसरे आले, २०१६ साली तेही मागे. २०२२ साली नवा मसुदा लोकांसमोर ठेवला. मूळ कायदा १९४०चाच चालू आहे.

मधल्या काळात २०१२ साली संसदेच्या स्थायी समितीने केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेवर कडक अहवाल दिला. काही औषधांना चाचण्यांविना मंजुरी मिळाल्याचे, आणि तज्ज्ञांची म्हणून सादर झालेली शिफारसपत्रे एकमेकांशी शब्दशः जुळत असल्याचे खासदारांनी दाखवून दिले. ही पत्रे कंपन्यांनीच लिहून दिली असावीत, असा समितीचा निष्कर्ष होता. त्या समितीत वेगवेगळ्या पक्षांचे लोक होते. असा अहवाल आल्यावर देशभर खळबळ व्हायला हवी होती.

*

२०२३चा जनविश्वास कायदा. औषध कायद्यातल्या कलम २७(ड)खालचे गुन्हे, म्हणजे प्रामुख्याने ‘दर्जाहीन’ ठरलेल्या औषधांचे गुन्हे, दंड भरून मिटवण्याची सोय झाली. बनावट औषधे आणि जिवाला धोका पोचवणारी भेसळ यांसाठी वेगळी कडक कलमे आहेत, हे खरे. पण दर्जाहीन गोळी म्हणजे बऱ्याचदा कमी ताकदीची गोळी. क्षयरोग्याला ती दिली तर काय होते ते कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रातली नर्स सांगेल.

त्याच वर्षाअखेरीस कारखान्यांसाठी सुधारित ‘शेड्यूल एम’ निघाले : यंत्रे, नोंदी, चाचण्या यांचे दर्जे वाढवणारे नियम. लहान उद्योगांना एक वर्ष दिले होते. उद्योगांनी मुदत मागितली, ती २०२५च्या अखेरीपर्यंत वाढवली गेली. लहान कारखानदाराला खर्च झेपत नाही, ही अडचण खोटी नाही. मग सरकारने स्वस्त कर्ज द्यावे, सामाईक प्रयोगशाळा बांधून द्याव्यात. मुदतवाढीत मोकळा राहतो कारखानदार. धोका जातो आजीच्या वाट्याला.

*

ऑक्टोबर २०२५. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यातली मुले. खोकल्याचे ‘कोल्ड्रिफ’ सिरप, बनवलेले तमिळनाडूत. त्यात निम्म्याच्या जवळपास, ४८.६ टक्के, डायइथिलीन ग्लायकॉल निघाले. वीसहून अधिक मुले दगावली. कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. तेच रसायन, तीच मूत्रपिंडे. जे.जे.ला एकोणचाळीस वर्षे होऊन गेली होती.

अमेरिकेत १९३७ साली याच द्रावकातल्या औषधाने शंभरावर माणसे मेली, आणि पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला : औषध बाजारात आणण्याआधी ते सुरक्षित असल्याचे सिद्ध करा. आज त्याच देशात आरोग्य संस्थांवरून मोठी रस्सीखेच आहे. जून २०२५मध्ये लसीकरणाच्या सल्लागार समितीतले सगळे सतरा सदस्य आरोग्यमंत्र्यांनी एका फटक्यात काढले. कारण सांगितले उद्योगाच्या प्रभावाचे. उद्योगाचा प्रभाव हा खरा आजार आहे. पण मंत्र्याने एका सहीत समिती बदलणे हा त्यावरचा उपाय असूच शकत नाही. खासगी दबावाच्या जागी राजकीय दबाव आला, तर रुग्णाच्या पदरात काय पडले?

*

सप्टेंबर २०२२. केंद्राची बल्क ड्रग पार्क, म्हणजे औषधांच्या कच्च्या मालाच्या वसाहतींची, योजना : तीन पार्क, प्रत्येकी हजार कोटींपर्यंत मदत. तेरा राज्यांनी अर्ज केले. महाराष्ट्राने जागा सुचवली होती रोहा आणि मुरूड तालुक्यांतली. निवड झाली गुजरात, हिमाचल आणि आंध्रची. त्याच सुमारास वेदांत-फॉक्सकॉनचा प्रकल्प गुजरातला गेल्याचा वाद पेटला होता, त्यात हाही मुद्दा मिसळला. प्रकल्प कोणाच्या काळात गेला, कोणी घालवला, यावर मुंबईत भांडण.

मुरूड-रोह्याच्या गावांत वेगळीच चर्चा होती. औषधांच्या कच्च्या मालासाठी आपण चीनवर फार अवलंबून आहोत, तेव्हा कारखाने हवेत हे तिथल्या शिकलेल्या पोरांना मान्य. नोकऱ्याही हव्यात. पण कुंडलिका नदीच्या खाडीत जाळे टाकणाऱ्यांनी धाटावच्या सांडपाण्याचा अनुभव घेतलेला. पाणी कुठे सोडणार, जमीन किती घेणार, हे त्यांचे प्रश्न. राज्याने नंतर पार्क स्वतःच करायचे ठरवले, तेव्हाही गावांचा विरोध उभा राहिला.

मला खटकले ते निराळेच. इतके कारखाने एका जागी आणायचे, तर ते तपासायला पेणच्या कार्यालयात किती निरीक्षक असतील, हा प्रश्न मी वाचलेल्या एकाही पुढाऱ्याच्या निवेदनात नव्हता. सत्ताधाऱ्यांच्या नाही, विरोधकांच्याही नाही.

याच जिल्ह्यात, पेण तालुक्यातल्या बावीस गावांत, २१ सप्टेंबर २००८ रोजी सेझवर, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रावर, जनमत घेतले गेले होते. एन. डी. पाटील यांच्यासारखे नेते त्या लढ्यात होते. मतदान झाले, निकाल सरकारने अधिकृतपणे जाहीर केला नाही. लोकांना विचारायचे आणि उत्तर पेटीत ठेवायचे, हे रायगडने एकदा पाहिले आहे.

*

धाटावात युनिकेमचा औषधी कच्च्या मालाचा कारखाना आहे. तो माल अमेरिकेला जातो, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाचे तपासनीस इथवर येतात. त्यांच्या तपासणीचा निकाल सार्वजनिक होतो. जगात कोणीही तो पाहू शकतो. रोह्याच्या एसटी स्टँडसमोरच्या मेडिकलमध्ये मिळणारी गोळी ज्या कारखान्यातून येते, त्याचा आपल्या निरीक्षकाने लिहिलेला तपासणी अहवाल रोहेकराला असा सहज पाहायला मिळत नाही. अमेरिकेतल्या रुग्णाला जो हक्क आहे तो रोह्यातल्या रुग्णाला का नसावा?

*

औषध कंपन्यांनी डॉक्टरांना भेटी, सहली देऊ नयेत, यासाठी मार्च २०२४मध्ये केंद्राने आचारसंहिता काढली. तिची अंमलबजावणी मुख्यतः कंपन्यांच्या संघटनांच्याच समित्यांकडे. त्याच महिन्यात निवडणूक रोख्यांच्या याद्या खुल्या झाल्या. त्यात औषध कंपन्यांची नावे बरीच होती. दोन्ही बातम्या मी एकाच कात्रणवहीत चिकटवल्या आहेत.

*

नागपूरजवळच्या कळमेश्वरचे सरकारी रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय. अँटिबायोटिक म्हणून पुरवलेल्या गोळ्यांत औषधच नव्हते. म्हणजे भेसळ मेडिकलच्या काउंटरवर थांबलेली नाही. ती सरकारी निविदेच्या दाराने वॉर्डात शिरली. नमुना घेतल्यापासून अहवाल येईपर्यंत महिने जातात, तोवर साठा रुग्णांच्या पोटात गेलेला असतो. तमिळनाडूने १९९४ साली खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले आणि बॅच तपासूनच माल वाटायची शिस्त लावली. आपण २०१७ साली खरेदी हाफकिन महामंडळाकडे दिली, २०२३ साली वेगळ्या प्राधिकरणाचा कायदा केला. पेण आणि रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयांत येणारी गोळी आता त्या प्राधिकरणाच्या शिस्तीवर अवलंबून आहे.

*

पुढच्या निवडणुकीत पेण, रोहा, श्रीवर्धन, अलिबाग, कुठेही उमेदवार दारात आला तर त्याला तीन गोष्टी विचारा. परवान्याची अपिले मंत्र्यांकडून काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यायला तुमचा पाठिंबा आहे का? प्रत्येक तपासणीचा अहवाल लोकांसाठी खुला कराल का? पेणच्या कार्यालयातली रिकामी पदे कधी भरणार? आणि तोवर, दोनच गोळ्या घेतल्या तरी बिल मागा, बॅच नंबर लिहून घ्या. शंका आली तर एफडीएचा टोल फ्री क्रमांक १८००२२२३६५ आहे. तक्रार करा.