फोन ठेवू नका

आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने १९९९ मध्ये स्वतःची जाहिरात करायला एक घोषवाक्य घेतलं. अर्थ साधारण असा: आम्हाला सगळं जमतं, प्रमाण जर्मन तेवढं सोडून. मर्सिडीज, पोर्शे आणि बॉश ज्यांच्या अंगणात आहेत त्यांनाच ही ऐट परवडते. मी पुण्यात बोट क्लब रोडवरच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकले, विभक्त्या घोटल्या, आणि ती परीटघडीची भाषा घेऊन श्टुटगार्टला आले, तर बेकरीतल्या बाई काय बोलतात तेच कळेना. पुस्तकातल्या पावाचं इथे नाव वेगळं, आणि दिसेल त्या नामाला शेवटी एक लाडिक ‘ले’. बाई मात्र निवांत होत्या. बोटाने दाखवा, किती हवेत सांगा, पैसे द्या, काम झालं. उच्चाराला बिचकणाऱ्या नव्या मंडळींना मी तेव्हापासून सांगते, बाबांनो, इथे गाववाल्यांनीच हात वर केलेत, तुम्हाला कोण हसणार?

अडतं ते दुसरीकडेच.

इथल्या मुलांना अगदी लहानपणी ११२ ला फोन कसा करायचा ते शिकवतात. युरोपभर चालणारा हा तातडीचा नंबर. सांगायच्या गोष्टी पाच: कुठे, काय झालं, किती जणांना, लागलंय कसं, आणि पाचवी म्हणजे थांबा. समोरचा विचारेल त्याची उत्तरं द्या आणि तो सांगेपर्यंत फोन ठेवू नका. जर्मनमध्ये पाचही शब्द एकाच अक्षराने सुरू होतात, त्यामुळे पोरांच्या तोंडात बसतात. मला यातल्या चार गोष्टींचं फारसं अप्रूप नव्हतं. पाचवीचं महत्त्व कळलं ते आमच्याच जिन्यात.

चौथ्या मजल्यावरच्या आजी बाजाराची पिशवी घेऊन चढताना घसरल्या. आम्ही तिघं-चौघं धावलो. तळमजल्यावरच्या निवृत्त काकांनी जिन्यातला दिवा कसा कधीपासून बंद आहे आणि घरमालकाला त्यांनी कितीदा कळवलंय हे सांगायला घेतलं. मी आजींच्या डोक्याखाली कोट सरकवत होते. फोन लावला दुसऱ्या मजल्यावरच्या, प्राथमिक शाळेत जाणाऱ्या मुलाने. रस्त्याचं नाव, घराचा नंबर, मग बेलवरचं आडनाव. इथे फ्लॅटला नंबर नसतात, खाली बेलच्या पाटीवर आडनावं असतात, त्यामुळे कोणती बेल ते सांगावं लागतं. ‘एक आजी पडल्यात. एकच जण. बोलतायत, पण उजवा पाय हलवता येत नाही.’ एवढं सांगून तो गप्प उभा राहिला, फोन कानाला. काका म्हणाले, ‘सांगितलंस ना सगळं, ठेव आता.’ त्याने नुसती मान हलवली. पलीकडून प्रश्न आला असावा, कारण त्याने वाकून आजींना विचारलं, ‘तुम्ही रक्त पातळ करायच्या गोळ्या घेता का?’ घेत होत्या. आम्हा मोठ्यांपैकी कोणालाही हे विचारायचं सुचलं नव्हतं, आणि सुचायची गरजही नव्हती. ते पलीकडच्या माणसाचं काम. आपलं काम त्याला विचारू देण्याचं. आपल्याकडेही आता ११२ लागतो, महाराष्ट्रात रुग्णवाहिकेला १०८ आहे, पण ‘हॅलो, हॅलो, लवकर या’ म्हणून फोन आपटणारे माझ्या आठवणीत बरेच आहेत. लवकर या, पण कुठे?

संवादकौशल्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वक्तृत्व स्पर्धा येते. हातवारे, आवाजाचे चढउतार, टाळ्यांची वाक्यं. माझ्या शाळेत त्याचे पेले मिळायचे. समोरच्याचं नीट ऐकलं, त्याला योग्य प्रश्न विचारला, म्हणून कुणाला पेला मिळालेला आठवत नाही. ही स्पर्धा परदेशात फारशी कामाला येत नाही. तुमचं बोलणं संपलं म्हणजे संवाद संपला नाही, समोरच्याचा प्रश्न अजून यायचाय, हे अंगवळणी पडलेला माणूस मोडक्या भाषेतही इथे टिकतो.

आपली दुसरी खोड म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं. इथल्या गाड्यांच्या कारखान्यांत मराठी मुलं पुष्कळ. त्यांतल्या एकाला वरिष्ठाने विचारलं, शुक्रवारपर्यंत होईल का? हा म्हणाला, बघतो, करतो प्रयत्न. आपल्यापैकी कुणालाही कळेल की होणार नाहीये, बिचारा अवघडलाय. वरिष्ठाने यादीत शुक्रवार लिहिला. सोमवारी दोघांचीही तोंडं उतरलेली. पण खापर एकट्या आपल्या पोरावर फोडू नये. श्वाबियन, म्हणजे इथल्या मूळच्या माणसाची कौतुक करण्याची कंजुषी प्रसिद्ध आहे. रागावलो नाही म्हणजे पुरेशी स्तुती झाली, अशा अर्थाची म्हणच आहे त्यांच्यात. त्यामुळे हाच मुलगा नंतर कित्येक महिने आपलं काम साहेबांना आवडत नाही अशा समजुतीत झुरत होता. शेवटी बायकोने टुमणं लावलं, जाऊन विचार. विचारल्यावर साहेब चकित. अहो, काही बोललो का मी?

जिन्यातल्या चिठ्ठ्यांवर तर स्वतंत्र लेख होईल. शनिवारी कुणाकडे पार्टी असेल तर आठवडाभर आधी दाराशी कागद लागतो: प्रिय शेजाऱ्यांनो, शनिवारी थोडा आवाज होईल, फारच झाला तर बेल वाजवा, नाहीतर सरळ या आणि एक ग्लास घ्या. रात्री दहानंतर शांतता हा इथे कायदा आणि धर्म दोन्ही आहे, तरी त्या कागदानंतर सहसा कुणी कुरकुरत नाही. आधी सांगितलं की तो कार्यक्रम, न सांगता केला की तो गोंधळ. जिना झाडण्याची पाळी मात्र मुक्याने फिरते. ज्याचा आठवडा त्याच्या दाराच्या मुठीला पाटी लटकते, आठवडा संपला की त्याने ती शेजारच्या दाराला अडकवायची. नवा भाडेकरू आला की ही व्यवस्था हमखास कोलमडते, कारण पाटीला प्रश्न विचारता येत नाही. त्याला वाटतं शोभेची वस्तू आहे.

न विचारण्याची आणि न विचारू देण्याची सगळ्यात महागडी शिकवणी या शहराने स्वतःच घेतली आहे. मुख्य रेल्वे स्टेशन जमिनीखाली न्यायचं, वरच्या १६ रुळांच्या टर्मिनसऐवजी खाली ८ रुळांचं आरपार स्टेशन करायचं, ही ‘श्टुटगार्ट २१’ योजना. कागदोपत्री सगळं नियमात: मंजुऱ्या, हरकतींच्या मुदती, सुनावण्या. लोकांना मात्र वाटत होतं की आपल्याला कुणी विचारलंच नाही. ३० सप्टेंबर २०१० रोजी श्लोसगार्टन बागेतली जुनी झाडं तोडायच्या वेळी पोलिसांनी निदर्शकांवर पाण्याचे फवारे मारले. शंभरावर माणसं जखमी झाली, एका वृद्ध निदर्शकाची दृष्टी जवळपास गेली. त्या दिवसाला इथे काळा गुरुवार म्हणतात. शाळकरी मुलंही होती त्या गर्दीत.

मग मध्यस्थीला हायनर गाइसलर आले. वय ८०, सत्ताधारी पक्षाचेच जुने नेते, पण कुणाचंही न ऐकण्याबद्दल ख्याती. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये महापालिकेच्या इमारतीत दोन्ही बाजू समोरासमोर बसल्या आणि सगळं टीव्हीवर थेट. रेल्वेचे तज्ज्ञ, भूगर्भशास्त्रज्ञ, विरोधकांचे अभियंते. गाड्यांची क्षमता, फलाटाचा उतार, बोगद्याच्या वाटेत असलेला आणि पाणी लागलं की फुगणारा अनहायड्राइट खडक. एरवी कोण बघेल हे? लोकांनी तासन्‌तास बघितलं. म्हाताऱ्याची पद्धत साधी होती. तज्ज्ञ परिभाषेत शिरला की त्याला तिथेच अडवायचं: लोक बघतायत, त्यांना समजेल असं सांगा. भल्याभल्या साहेबांना मुद्दा मागे घेऊन पुन्हा मांडावा लागे. मला यातलं कसब वाटतं ते असं की कळलं नाही हे म्हणायला म्हातारा लाजत नव्हता. बहुतेकांची अडचण तिथेच असते, डॉक्टरसमोर, बँकेत, पालकसभेत.

यातून गोड शेवट झाला असं मात्र नाही. गाइसलर यांनी काही सुधारणा सुचवून योजनेच्या बाजूनेच कौल दिला, विरोधक चिडले. मार्च २०११ च्या निवडणुकीत अठ्ठावन्न वर्षं राज्य करणारा पक्ष सत्तेबाहेर गेला आणि जर्मनीतला पहिला ग्रीन मुख्यमंत्री, विनफ्रीड क्रेचमान, इथे आला. लोकांचं ऐकून घेणारं राजकारण हे त्यांचं पालुपद. त्यासाठी त्यांनी सरकारात एक स्वतंत्र पद निर्माण केलं. नोव्हेंबर २०११ च्या सार्वमतात ५८.९ टक्के मतं योजनेतून माघार घेऊ नये अशी पडली, म्हणजे ऐकून घेणाऱ्या ग्रीन मुख्यमंत्र्यालाच नको असलेलं स्टेशन बांधावं लागलं. स्टेशनच्या तारखा पुढे पुढे जात राहिल्या, खर्च फुगत राहिला. संवादाने बोगदे खणले जात नाहीत. पण त्या गुरुवारनंतर तसा दुसरा गुरुवार आला नाही, आणि माझ्या लेखी ही छोटी गोष्ट नाही.

श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, हे इथल्या मराठी माणसालाही अनेकदा माहीत नसतं. आता नातं आणखी जवळ येतंय. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये याच राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशा कामांसाठी तरुण मुलं जर्मन शिकतायत. आमच्याकडे रविवारी अशी चार-दोन जणं तोंडी परीक्षेची तयारी करायला जमतात. चहा माझा, चिवडा ज्याच्या घरून आला असेल त्याचा. गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी-वन परीक्षेची तोंडी मला फार हुशारीने रचलेली वाटते. दोघा उमेदवारांना एकत्र बसवतात. आधी दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं, आजारी मित्राला भेटायला कधी जायचं वगैरे. मग प्रत्येकाने एका विषयावर बोलायचं. आणि शेवटी जोडीदाराच्या बोलण्यावर आपलं मत सांगून त्याला एक प्रश्न विचारायचा, त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं. त्याचेही गुण असतात.

नाशिकची एक मुलगी आहे, व्याकरण लख्ख. पहिल्या भागात तिने एकटीनेच भेटीचा दिवस, वेळ, बस, फुलं सगळं ठरवून टाकलं; जोडीदाराला फक्त ‘या’, म्हणजे हो, म्हणायचं राहिलं. लातूरचा मुलगा लिंगं सरसकट चुकवतो, पण प्रत्येक वाक्यानंतर समोर बघून विचारतो, तुला चालेल का, तू कशाने येशील? मी त्याला जास्त गुण दिले तर ती रुसली. ‘मावशी, तो तर सगळं चुकीचं बोलला.’ बोलला खरा. पण मित्राच्या घरी दोघं मिळून पोचली असती ती त्याच्या जोडीला बसल्यावरच. नंतर तिने स्वतःच त्याच्याशी जोडी मागितली, त्यात तिचा हिशेब आहे हे मी ओळखून आहे: तिला त्याचे प्रश्न हवेत, त्याला तिची लिंगं.

पुढच्या रविवारचा विषय आहे, शाळेत मोबाइल असावा की नसावा. सादरीकरणं सगळ्यांची तयार आहेत, फोनवर म्हणूनही दाखवली. प्रश्न काय विचारणार म्हटल्यावर म्हणाले, ते वेळेवर सुचेल, मावशी.